शाळेत प्रवेश मिळाला, पुढे काय?
वेगळ्या जडणघडणीची मुले आणि आपल्या शाळांची जबाबदारी

जून महिन्यात शाळा सुरू होतात आणि पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तके हाती पडली की काही पालकांना शाळेतून बोलावणे येते. ‘मुलाचे लक्ष नसते’, ‘वही नेहमी अपुरी असते’, ‘एका जागी बसत नाही’, ‘हुशार आहे, पण आळशी आहे’ असे शेरे त्यांना ऐकवले जातात. घरी आल्यावर मुलाला बोलणी बसतात, क्वचित मारही बसतो. दुसरी शिकवणी लावली जाते, खेळणे बंद होते. वर्ष उलटते, शेरे मात्र तेच राहतात. या शेऱ्यांमागे अनेकदा आळस नसतो, हट्ट नसतो आणि आईवडिलांच्या संस्कारांतली उणीवही नसते. मुलाच्या मेंदूची जडणघडणच थोडी वेगळी असते आणि शाळेची रीत त्या जडणघडणीशी जुळत नाही.

अशा मुलांना आज ‘न्यूरोडायव्हर्स’ असे म्हटले जाते. त्यांच्यासाठी शाळा सर्वसमावेशक करणे म्हणजे नेमके काय करणे, कायद्याने कोणता हक्क दिला आहे आणि पालक, शिक्षक व धर्मग्राम या नात्याने आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे या लेखात पाहू.

ही मुले कोण?

‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वमग्न व्यक्तींच्या आपापसांतील चर्चांतून पुढे आला. माणसांची उंची, वर्ण, आवाज जसा सारखा नसतो, तशीच विचार करण्याची, लक्ष देण्याची आणि शिकण्याची पद्धतही सारखी नसते, हे त्यामागील साधे सूत्र आहे. या शब्दाखाली मुख्यतः पुढील स्थिती येतात.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. या मुलांना इतरांशी संवाद साधणे वेगळ्या प्रकारे जमते. ठरलेला क्रम मोडला तर त्यांची घालमेल होते. शाळेची घंटा, पंख्याची घरघर, गणवेशाच्या कॉलरला लावलेली चिठ्ठी अशा गोष्टी त्यांना असह्य होऊ शकतात. शब्दांचा अर्थ ती जसाच्या तसा घेतात. ‘डोळे कुठे आहेत तुझे?’ असे बाईंनी रागाने विचारल्यावर ‘इथे, नाकाच्या वर’ असे उत्तर देणारे मूल उद्धट नसते. त्याने प्रश्नाचे खरे उत्तर दिलेले असते.

अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी. येथे लक्ष नसते असे नव्हे. ते हवे तेव्हा हवे तिथे रोखून धरता येत नाही. काही मुले सतत हालचाल करतात, तर काही शांत बसूनही मनाने दूर गेलेली असतात. ही दुसरी मुले, विशेषतः मुली, कोणाच्या ध्यानात येत नाहीत. त्या कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांना मदतही मिळत नाही.

विशिष्ट अध्ययन अक्षमता. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लेखनात असेल तर डिसग्राफिया आणि गणितात असेल तर डिसकॅल्क्युलिया. या मुलांची बुद्धी सर्वसाधारण, कित्येकदा त्याहून अधिक असते. २००७ साली आलेल्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचवला. परंतु ओळख त्याहून फार जुनी आहे. १८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाविषयी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. मुलगा चलाख होता, पण साधे शब्दही त्याला वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत त्यांनी नोंदवले आहे. एकशे तीस वर्षांपूर्वी एका शिक्षकाच्या जे ध्यानात आले, ते आपल्या प्रगतिपुस्तकांत अजून उतरलेले नाही.

एकेकाळी स्वमग्नतेचा दोष आईच्या ‘थंड’ वागणुकीला दिला जाई. संशोधनाने तो समज केव्हाच खोडून काढला आहे. तरीही आपल्या गावात, नात्यागोत्यांत आणि मिस्सेनंतरच्या गप्पांत आईलाच दोष देणारी वाक्ये आजही ऐकू येतात. ती थांबणे ही समावेशाची पहिली पायरी होय.

मराठी अक्षरांतून दिसणारी अडचण

डिस्लेक्सियाबद्दल जे लिहिले जाते ते बहुतांशी इंग्रजी भाषेला धरून असते. ‘बी’ आणि ‘डी’ या अक्षरांची उलटापालट हेच लक्षण सर्वांना ठाऊक असते. मराठी वाचणाऱ्या मुलांची अडचण निराळ्या रूपात दिसते आणि म्हणून ती निसटून जाते.

देवनागरी लिपीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ पुष्कळ सरळ आहे. त्यामुळे अडचण असलेले मूलही उशिरा का होईना, अक्षरे जुळवून वाचू लागते. मात्र ते फार सावकाश वाचते. ओळ संपेपर्यंत तिचा आरंभ विसरते. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व या जोड्यांत त्याचा गोंधळ होतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण लिहिताना अक्षराच्या आधी काढावी लागते. हा क्रम त्याला वर्षानुवर्षे चकवतो. ‘सूर्य’ शब्दातला रफार, ‘चक्र’मधला र आणि ‘राष्ट्र’मधला र हा एकच वर्ण आहे, हे त्याच्या पचनी पडत नाही. श्रुतलेखनाच्या वहीवर लाल शाईचा सडा पडतो. तोच धडा तोंडी विचारला तर मूल घडाघडा सांगते. तोंडी ज्ञान आणि लेखी उत्तर यांतील ही दरी सातत्याने दिसत असेल, तर तपासणीची वेळ झाली आहे असे समजावे.

गणितातही असेच घडते. मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी आणि वीस नंतर येतात. लिहिताना मात्र दोन आधी आणि सात नंतर. म्हणून ऐकून लिहिताना २७ च्या जागी ७२ उतरतात. ‘एकोणतीस’ या शब्दात तीस ऐकू येतात, पण संख्या विशीतली असते. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची सोपी पद्धत देण्यात आली, तेव्हा राज्यभर त्यावर टीका आणि विनोद झाले. भाषेच्या परंपरेविषयीचा आक्षेप समजण्यासारखा आहे. तथापि, ज्या मुलाला संख्येचे नाव आणि तिचे चिन्ह यांचा मेळच लागत नाही, त्याच्यासाठी अशी पर्यायी वाट विनोदाचा विषय नसून हाताला मिळालेला आधार असतो.

आपल्या वसई परिसरात आणखी एक गुंता आहे. कित्येक घरांत बोलली जाते ती सामवेदी किंवा वाडवळी बोली. शाळेचे माध्यम इंग्रजी. मराठी आणि हिंदी हे आणखी दोन विषय. मूल मागे पडले तर ‘इंग्रजीचे वातावरण नाही’ असे म्हणून विषय संपवला जातो. दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. केवळ भाषा नवी असल्यामुळे अडखळणाऱ्या मुलावर अक्षमतेचा शिक्का बसतो किंवा खरी अक्षमता भाषेच्या सबबीआड लपून राहते. मुलाला घरच्या बोलीत गोष्ट सांगता येते का, ऐकलेल्या शब्दांतील यमक ओळखता येते का, हे पाहिल्यास या दोहोंतील फरक कळायला मोठी मदत होते. हे काम पालकच उत्तम करू शकतात.

प्रवेश आणि समावेश

‘आम्ही अशा मुलांना प्रवेश देतो’ असे अनेक शाळा अभिमानाने सांगतात. ही चांगली गोष्ट आहे, पण ती आरंभाची आहे. मूल वर्गात बसले, हजेरीपटावर नाव लागले, म्हणजे समावेश झाला असे नाही. शेवटच्या बाकावर चित्रे काढत दिवस घालवणारे मूल वर्गात असूनही शाळेबाहेरच असते. १९९४ साली स्पेनमधील सालामांका शहरात ९२ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी जो जाहीरनामा स्वीकारला, त्याचा गाभा असा की, सर्वसाधारण शाळांनी सर्व मुलांना सामावून घ्यावे आणि शिकवण्याची रीत मुलाच्या गरजेप्रमाणे बदलावी. बदलायचे आहे ते मुख्यतः शाळेने.

येथे एक शंका हमखास येते: एकाला जादा वेळ दिला तर तो इतरांवर अन्याय नव्हे काय? उंचीने लहान असलेल्या मुलाला फळा दिसावा म्हणून आपण पुढे बसवतो, तेव्हा उंच मुलांवर अन्याय झाला असे कोणी म्हणत नाही. इतिहासाच्या परीक्षेत इतिहास येतो की नाही हे पाहायचे असते. हात किती वेगाने चालतो हे नव्हे. वेग हा ज्या परीक्षेचा विषयच नाही, तेथे वेगामुळे गुण जाणे हाच खरा अन्याय होय.

वर्गात काय बदलता येईल?

पन्नास-साठ मुलांचा वर्ग, अभ्यासक्रम संपवण्याची घाई आणि वर शासकीय कामांचा भार यांत शिक्षक कसे पुरे पडणार, हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच पुढे सुचवलेले बदल असे आहेत की ज्यांना फारसा पैसा लागत नाही आणि ज्यांचा लाभ इतर मुलांनाही होतो.

• दिवसाचे वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहावे. लहान वर्गांत त्याची चित्रे लावावीत. तास बदलणार असेल किंवा कवायत रद्द होणार असेल तर आधी सांगावे. स्वमग्न मुलाची अर्धी घालमेल एवढ्याने कमी होते.

• सूचना एका वेळी एकच आणि सरळ शब्दांत द्यावी. ‘पुस्तक काढा.’ मग, ‘पान बावीस उघडा.’ मग, ‘पहिला प्रश्न वाचा.’

• चंचल मुलाला खिडकी व दारापासून दूर, शिक्षकांच्या जवळ बसवावे. फळा पुसणे, वह्या वाटणे अशी कामे त्याला मुद्दाम द्यावीत. हालचाल ही त्याची गरज आहे. मधली सुट्टी बंद करण्याची शिक्षा त्याला कधीही देऊ नये.

• वाचनात अडखळणाऱ्या मुलाला सर्वांसमोर अचानक उभे करून वाचायला लावू नये. वाचायचा उतारा आदल्या दिवशी सांगावा. ओळीखाली पट्टी धरू द्यावी.

• फळ्यावरील सर्व मजकूर उतरवून घेण्याचा आग्रह सोडावा. नोट्सची छायाप्रत द्यावी किंवा शेजारच्या मित्राच्या वहीचे छायाचित्र पालकांना घेऊ द्यावे.

• अक्षरओळख डोळे, कान आणि हात यांना एकत्र जोडून करून घ्यावी. वाळूत बोटाने अक्षर गिरवताना त्याचा उच्चार करणे ही आज विशेष शिक्षणात वापरली जाणारी पद्धत आहे. आपल्या पूर्वजांच्या धूळपाटीची आणि धुळाक्षरांची येथे आठवण व्हावी.

• परिपाठ, स्नेहसंमेलन, क्रीडादिन अशा गोंगाटाच्या प्रसंगी ज्याला आवाज सोसत नाही, त्याला मागे उभे राहण्याची आणि गरज पडल्यास शांत खोलीत जाऊन बसण्याची मुभा असावी.

• गुण देताना आशय आणि शुद्धलेखन यांचा वेगळा विचार व्हावा. तोंडी उत्तरालाही मोल असावे.

यांबरोबरच प्रशिक्षित विशेष शिक्षकाची जोड हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिलेल्या निर्णयानंतर केंद्र शासनाने ठरवल्यानुसार विशेष गरजा असलेल्या दर १० मुलांमागे प्राथमिक स्तरावर, तर दर १५ मुलांमागे उच्च प्राथमिक स्तरावर एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण आहे. एका शाळेला स्वतंत्र शिक्षक नेमणे शक्य नसेल, तर जवळच्या दोन-तीन शाळांनी मिळून एक नेमणूक करणे अशक्य नाही. समग्र शिक्षा योजनेखाली गट साधन केंद्र व शहर साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ काम करतात. शाळेने त्यांच्याशी संपर्क साधून मार्गदर्शन मागावे.

कायदा काय सांगतो?

१९९५ च्या जुन्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा किंवा अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडीचा मात्र त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणून त्या मुलांच्या बाबतीत शाळेच्या समजूतदारपणावर अधिक भिस्त राहते.

या अधिनियमाच्या कलम १६ नुसार शासनाने अनुदान वा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांत भेदभाव न करता प्रवेश, गरजेनुसार वाजवी सोयी आणि अध्ययन अक्षमतेची शक्य तितक्या लवकर ओळख अपेक्षित आहे. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

आपल्या बहुतेक शाळा अल्पसंख्याक संस्था आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ साली दिला. त्या निर्णयाविषयी २०२५ साली त्याच न्यायालयात प्रश्न उपस्थित झाले आहेत. या सवलतीचा आधार घेऊन ‘आम्हाला बंधन नाही’ असे म्हणणे मात्र योग्य नव्हे. २०१६ च्या अधिनियमातील वरील कलम अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थांविषयी बोलते. अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वेगळे काढलेले नाही.

तपासणी आणि दाखला

महाराष्ट्र शासनाने १९९६ सालापासूनच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. देशात हे राज्य त्याबाबतीत अग्रेसर होते. राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्राचा वापर, काही विषयांना पर्याय अशा सवलती मिळू शकतात. त्यासाठी अधिकृत रुग्णालयाचा दाखला लागतो आणि अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे करावा लागतो. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची सोय दीर्घकाळ आहे. आधी दृष्टी व श्रवण तपासले जाते, मग बुद्ध्यांक आणि त्यानंतर वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. यास अनेक भेटी व काही महिने लागू शकतात. म्हणून दहावीचे वर्ष उजाडण्याची वाट पाहू नये.

अध्ययन अक्षमतेचे निदान साधारणतः वयाच्या आठव्या वर्षानंतर ठामपणे करता येते. परंतु मदत सुरू करण्यासाठी दाखल्याची गरज नाही. दुसरीतले मूल अडखळत असेल तर त्याला आजच आधार द्यावा. दाखला नंतर येईल. शिवाय दाखल्याला घाबरू नये. ‘शिक्का बसेल, पुढे लग्नाला अडचण येईल’ या भीतीने कित्येक पालक तपासणी टाळतात. ‘ढ’ हा शिक्का तर त्या मुलाच्या कपाळी केव्हाच मारला गेलेला असतो. दाखला तो पुसायला मदत करतो.

शंभर टक्के निकालाचा मोह

आता एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून आठवी-नववीत मागे पडलेल्या मुलांच्या पालकांना ‘दाखला काढून न्या’ असे सुचवण्याची प्रथा काही शाळांत आहे. मुलाने मग सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षेला बसावे, असा सल्ला दिला जातो. सतरा नंबरचा फॉर्म ही शाळा सुटलेल्यांसाठी केलेली उपयुक्त सोय आहे. शाळेनेच मुलाला सोडावे म्हणून ती केलेली नाही. परीक्षेतील सवलतींसाठी शाळेची मदत सर्वांत जास्त ज्याला हवी, नेमका तोच विद्यार्थी अशा वेळी शाळेच्या छत्राबाहेर जातो. फलकावर झळकणाऱ्या त्या शंभर आकड्यात किती मुले मोजलेलीच नाहीत, हे विचारण्याचा हक्क पालक-शिक्षक संघाला आहे आणि तो त्याने बजावला पाहिजे.

याचा अर्थ विशेष शाळा नकोत असा नव्हे. काही मुलांना सतत वैयक्तिक लक्ष, वाचा-उपचार किंवा दैनंदिन व्यवहारांचे प्रशिक्षण लागते आणि त्यांच्यासाठी विशेष शाळा हाच उचित मार्ग ठरू शकतो. परंतु तो निर्णय मुलाची गरज पाहून, पालकांच्या संमतीने व्हावा. शाळेची गैरसोय टाळण्यासाठी नव्हे.

धर्मग्रामाने काय करावे?

रविवारचा ख्रिस्तशिक्षणाचा वर्ग हीसुद्धा एक शाळाच आहे. तेथेही प्रार्थना पाठ न झाल्यामुळे मुलाला मागे ठेवले जाते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० सालच्या अपंग व्यक्तींच्या जागतिक दिनाच्या संदेशात अशा व्यक्तींचा साक्रामेंतांवरील हक्क पुन्हा अधोरेखित केला होता. पाठांतराऐवजी चित्रे, कृती व लहान गट यांचा वापर केल्यास प्रथम ख्रिस्तशरीराची तयारी या मुलांनाही आनंदाने करता येईल.

धर्मग्रामात निवृत्त शिक्षक, परिचारिका, महाविद्यालयीन तरुण आहेत. परीक्षेसाठी लेखनिक मिळणे ही पालकांची मोठी अडचण असते. लेखनिक होऊ शकणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी धर्मग्रामाने तयार ठेवावी. रुग्णालयातील तपासणी आणि मंडळाचा अर्ज या वाटेवरून आधी गेलेल्या पालकांची नव्या पालकांशी गाठ घालून द्यावी. आणि मिस्सेत एखादे मूल मोठ्याने बोलले, कान झाकून रडू लागले, तर मागे वळून रोखून पाहण्याऐवजी त्या आईला बाकावर थोडी जागा करून द्यावी.

यंदा प्रवेश घेताना शाळेला फीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: शाळेला विशेष शिक्षकाची मदत आहे काय? मूल मागे पडले तर शाळा प्रथम काय करते? आणि गेल्या दोन वर्षांत नववीतून किती मुलांनी दाखले काढले? स्वतःच्या मुलाला काहीही अडचण नसली तरी हे विचारा. अनेक पालकांनी एकच प्रश्न विचारला, की शाळेला त्याचे उत्तर तयार ठेवावे लागते.